पाटीपाशी दम कुणाला लागला

२८ एप्रिल

चिरंजीव शिक्षिकाबाईंस,

गुरुवार, ९ एप्रिल. सकाळचे ११ वाजून २५ मिनिटं. डोंगरावरची ती लाकडी पाटी, जिच्यावर ‘माथा, ४० मिनिटे’ असं लिहिलं होतं. त्या ठिकाणी, त्या वेळी, तुझ्या शाळेतल्या आठ सहकाऱ्यांसमोर तू मोठ्या आवाजात म्हणालीस, “आईला दम लागलाय. आपण तिघं इथूनच परत फिरतो.”

मला दम लागला नव्हता.

वेळ मी घड्याळात पाहून लिहिली आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला शिकवलं होतं, तक्रार करायची तर तारीख आणि वेळ आधी, रडणं नंतर. रडणं मी वगळलं आहे.

आम्हाला येऊन दहा-बारा दिवस झाले. प्रवासाचा शीण गेला, कपडे धुऊन वाळून घड्या घालून झाले, म्हणून आता निवांतपणे लिहिते. फोनवर हा विषय नको. फोनवर तू “हो गं आई, हो गं आई” करतेस आणि मागे तुझी कुकरची शिट्टी वाजते.

तुझ्या वसंताच्या सुट्टीत तू आम्हा दोघांना बोलावलंस, याबद्दल आभार. फ्रिजवर तू दहा दिवसांचं वेळापत्रक लावलं होतंस, शाळेत लावतात तसं. पहिला दिवस तळं, दुसरा संग्रहालय, चौथा डोंगर. त्या डोंगरासाठी मी महिनाभर आधी बूट घेतले आणि घरात घालून फिरले, फोड येऊ नयेत म्हणून. चौतीस वर्षं रुग्णालयात नोकरी केली, त्यातली अकरा मेट्रन म्हणून. चार मजल्यांची इमारत, लिफ्ट वर्षातले सहा महिने बंद. माझ्या पायांना आणि फुप्फुसांना चढ नवा नाही.

पाटीपाशी मी सगळ्यात पुढे होते. कमरेवर हात ठेवून उभी होते, ते देखावा बघायला. आणि तू मागून येऊन हे जाहीर केलंस! पुढचं तुला आठवतंय का? संगीताच्या मास्तरांनी स्वतःची काठी माझ्या हातात दिली. मी परत केली. त्यांच्या बायकोने माझ्या तोंडात ग्लुकोजची पूड टाकली. मी “अहो” म्हणायला तोंड उघडलं होतं, त्याचा तिने फायदा घेतला. आणि त्या चित्रकलावाल्या बाईने माझी नाडी धरली. अंगठ्याने! अंगठ्याने नाडी बघणारी मुलगी माझ्या हाताखाली असती तर मी तिला पुन्हा पहिल्या वर्षात पाठवली असती.

तुझे वडील बिचारे लाजेने पांढरे पडले. टोपी काढून दगडावर बसले आणि वरही बघेनात. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्यामुळे त्यांना मान खाली घालावी लागली, ती हीच पहिली वेळ.

त्यानंतर तुझं वेळापत्रकच बदललं. दुसरा डोंगर रद्द. त्याऐवजी होडी. जंगलातली वाट रद्द, त्याऐवजी काचेच्या बसमधून शहरदर्शन, आणि तेही दोनदा. बागेत दर वीस पावलांवर “बसूया का?” मी काय बाळंतीण होते?

तू मला खोटं पाडलंस, तेही चारचौघांत. याचा खुलासा हवा. कागदावर.

तुझी,
आई

ता. क. बूट नवेच आहेत. परत घेतात का, विचारणार आहे.


४ मे

प्रिय आई,

तुझं पत्र मिळालं. माझं चुकलं. मी तसं म्हणायला नको होतं, आणि सगळ्यांसमोर तर मुळीच नको होतं. तुला दम लागला नव्हता, हे मला माहीत आहे. संगीताच्या सरांना आणि इतरांनाही मी तसं सांगेन. मनापासून माफी मागते.

बूट परत करू नकोस.

बाबा कसे आहेत? जेवण नीट आहे ना? दुकानात फार वेळ उभं राहू देऊ नकोस त्यांना.

तुझी


४ मे
(बाबा, दुकानाच्या पत्त्यावर)

बाबा,

तुम्ही आईला अजून सांगितलेलं नाही?

“घरी पोचलो की पहिल्या दिवशी सांगतो,” असं तुम्ही मला स्टेशनवर म्हणाला होतात. तिचं चार पानी पत्र आलंय. त्यात ती लिहिते, तुम्ही लाजेने पांढरे पडलात. बाबा, मला ते वाचून आधी हसू आलं, मग ते वाक्य मी पुन्हा वाचलं. ती तुमच्याकडे बघत होती, सगळं दिसत होतं तिला, आणि आपण दोघांनी मिळून तिला चुकीचं वाचायला लावलं.

मी तिला माफीचं पत्र टाकलंय. त्यात खोटं एक अक्षर नाही, पण खरंही फारसं नाही. माझ्या वर्गातली मुलं अशी उत्तरं लिहितात तेव्हा मी अर्धे गुण कापते.

परत दुखलं का? डॉक्टरकडे गेलात का? तुम्ही चालढकल करताय असं मला वाटतंय. हे पत्र दुकानात पाठवतेय, पण असली चोरटी पत्रं मला जमणार नाहीत.

ठकू


९ मे

ठकूताई,

दुकानात पत्र आलं म्हणून शेजारचा शिंपी मला विचारत होता, “या वयात कुणाची पत्रं येतात हो?” म्हटलं, एका मास्तरणीची. दिवसभर तो कात्री हातात धरून हसत होता.

दुखलं नाही. म्हणजे तसं दुखलं नाही. परवा वाण्याचा दुरुस्तीला आलेला मोठा वजनकाटा उचलून टेबलावर ठेवताना थोडं जड वाटलं, पण तो काटा जडच आहे. बसलो, पाणी प्यायलो, गेलं.

तुझ्या आईला सांगणार आहे. पण ती सध्या इतक्या जोरात रागावली आहे की तिला मधेच थांबवणं बरं दिसत नाही. खरं सांगू, राग तिला मानवतो. दहा वर्षांनी तरुण दिसते. सकाळी उठल्यापासून तुझ्या पत्रावर टिपणं काढते. निवृत्त झाल्यापासून इतकी कामात मी तिला पाहिली नव्हती.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट आहे. काटा हलत असताना वजन वाचायचं नाही. स्थिर झाला की वाचायचं. तिचा काटा अजून हलतोय. या रविवारी नाहीतर पुढच्या रविवारी थांबेल, तेव्हा सांगतो.

डोंगरावर मी तुला जे बोललो ते तिला कळवू नकोस. दुखण्याचं मी सांगेन. बाकीचं बोलणं आपल्या दोघांत राहू दे.

बाबा


१२ मे

शिक्षिकाबाई,

तुझी माफी मिळाली. नामंजूर.

चौथीत असताना तू माझा थर्मामीटर फोडलास, तेव्हा तो आधीपासूनच तडकलेला होता हे पटवायला तू तीन दिवस माझ्याशी भांडलीस. बारावीत तुझ्या पेपरात दोन गुण कमी पडले तर पेपर तपासणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास. अशी मुलगी सहा ओळींत “माझं चुकलं” लिहिते? काहीतरी आहे. मी वॉर्डात इतकी वर्षं काढली. ज्या पेशंटला काहीच होत नाही असं तो म्हणतो, त्याच्याच खाटेपाशी मी आधी जाते.

मी विचार केला आणि मला उलगडलं. बागेत तू मला म्हणालीस, “आई, तळमजल्यावरचं घर किती सोयीचं असतं.” होडीत म्हणालीस, “तुम्ही दोघं माझ्या जवळ आलात तर?” म्हणजे आई थकली, आईला आता हलवायला हवं, हे तू आधीच ठरवलं होतंस, आणि डोंगरावर त्याचे साक्षीदार गोळा केलेस. बरोबर ना? मग ऐक. मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि राहणार.

आणि नुसतं बोलून मी थांबलेली नाही. आमच्या वसाहतीमागे पाण्याची टाकी आहे ना, टेकाडावर, तिला एकशे शहाऐंशी पायऱ्या आहेत. गुरुवारपासून मी रोज सकाळी साडेसहाला त्या चढते. वेळ मोजून. पहिल्या दिवशी चौदा मिनिटं, आज अकरा. आकडे सोबतच्या कागदावर आहेत आणि खाली तुझ्या वडिलांची साक्षीदार म्हणून सही आहे.

ते पहिल्या दिवशी म्हणाले, “मी खाली उभा राहून घड्याळ लावतो.” मी म्हटलं, “अहो, खालून कसली साक्ष? वर यायला हवं.” तेव्हापासून येतात बरोबर. पण काय ती चाल! माझ्या मागे चाळीस-पन्नास पायऱ्या. आणि सारखा बुटाचा बंद सुटतो त्यांच्या. सहा दिवसांत नऊ वेळा बसले बंद बांधायला. काल तर इतका वेळ लावला की मी वरून ओरडले, “गाठ मारताय की विणकाम करताय?” नवीन बूट घ्या म्हटलं तर नको म्हणतात.

तेव्हा दमाचा विषय संपला. आता खरं कारण लिही.

आई


१६ मे, संध्याकाळी

आई,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. उभ्याउभ्या वाचलं आणि लगेच फोन केला. बाबांनी घेतला. तू खालच्या आजींना इंजेक्शन द्यायला गेली होतीस. मी त्यांना म्हटलं, आठ वाजता मी परत फोन करणार आणि तुझ्याशी बोलणार. त्याच्या आत त्यांनी सांगायचं, नाहीतर मी सांगणार. ते “बरं” म्हणाले. यावेळी आवाजात चेष्टा नव्हती.

हे पत्र पोचेपर्यंत तुला सगळं कळलेलं असेल. तरी लिहिते, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि तू खुलासा कागदावर मागितला आहेस.

दम बाबांना लागला होता.

पाटीच्या जरा खाली, तू पुढे गेली होतीस, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, “ठकू, थांबायला हवं. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय.” कपाळावर घाम होता. मी तुला हाक मारायला तोंड उघडलं तर म्हणाले, “आईला नको सांगूस. तिला कळलं की ती मेट्रन होईल आणि मी खाट नंबर बारा. घरी गेलो की व्हायचंच आहे पेशंट. हे उरलेले दिवस मला तिचा नवरा राहू दे.”

हे तुला कळवू नकोस असं त्यांनी मला बजावलं होतं. मी कळवतेय. आता त्यांची कुठलीच गोष्ट मला दाबून ठेवायची नाही.

आपण तिघांनी परत फिरायचं तर काहीतरी कारण हवं होतं. मी वर पाहिलं. तू पाटीशी उभी होतीस, कमरेवर हात ठेवून, लाल बूट घालून, आमच्या सगळ्यांत धडधाकट. मला वाटलं, आईवर ढकलू. ती चिडेल, पण तिला पेलेल. लहानपणापासून मी हेच करत आलेय. घरात काही कुणाला झेपत नसेल तर ते तुझ्या खांद्यावर.

होडी, काचेची बस, बागेतली बाकं, सगळं त्यांच्यासाठी होतं. तळमजल्याचं घरसुद्धा. मी त्यांना तिथेच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. ते “गेलं आता, बरं वाटतंय” म्हणाले आणि मी ते मानलं, कारण मलाही ती सुट्टी मोडायची नव्हती. तुम्ही दोघं तळ्याकाठी संत्रं वाटून खात होतात, बियांवरून भांडत. मला ते अजून थोडे दिवस बघायचं होतं.

माझी ही चूक त्या पाटीपाशी बोललेल्या वाक्याहून मोठी आहे. तिची माफी मागायला मला शब्द सापडत नाहीत.

उद्यापासून पायऱ्या बंद. दोघांच्याही.

ठकू


२ जून

प्रिय ठकू,

फोनवर तुला कळवलं तेच आता नीट, क्रमाने लिहिते.

सोळा मे, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. मी कपबशा पुसत होते. तुझे वडील स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “उद्या मी पायऱ्या चढणार नाही.” मी म्हटलं, “बंदाचं निमित्त पुरे झालं.” ते म्हणाले, “बंद सुटत नव्हता गं. त्या दिवशी दम मला लागला होता. आणि टाकीवर रोज लागतो.”

मी कपबशी खाली ठेवली. हात पुसले. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि नाडी धरली. आपण घरात इतकी वर्षं एकत्र राहतो आणि त्यांचं मनगट इतकं बारीक झालंय, हे मला तेव्हा कळलं. मी पूर्ण एक मिनिट मोजलं. आठ वाजता तुझा फोन आला तेव्हा मी त्यांना चपला घालत होते.

आमच्याच रुग्णालयात नेलं. हृदयाचे डॉक्टर माझ्या वेळी तिथे नवशिके होते, माझ्या ओरड्याला घाबरून जिन्यात लपायचे. आता केस पांढरे झालेत. सरकत्या पट्टीवर चालवायची तपासणी चौथ्या मिनिटाला थांबवावी लागली. मग नळी घालून पाहिलं. दोन ठिकाणी रक्ताची वाट अरुंद झाली आहे. एक बरीच. तिथे जाळी बसवायची. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, वेळेत आलात.” मी म्हटलं, “नाही आलो. पाच आठवडे उशिरा आलो.” ते पूर्वीसारखेच खाली बघू लागले.

मंगळवार, सोळा जून, सकाळी आठ वाजता त्यांना आत नेतील. तू चौदाला येते आहेस ते ये. संपूर्ण विश्रांती सांगितली आहे, औषधं चालू आहेत, दुखत नाही. काळजी करत बसू नकोस. दुकान शिंपी उघडतो आणि गिऱ्हाइकांना परत पाठवतो.

आता माझ्या तक्रारीबद्दल. ती मी मागे घेते. अंगठ्याने नाडी बघण्याची सोडून.

खरं सांगायचं तर तक्रार माझ्याविरुद्ध व्हायला हवी. पाटीपाशी मी त्यांना पाहिलं होतं. पांढरा चेहरा, टोपी काढलेली, डावा हात छातीशी धरलेला. हाताचं मी तुला लिहिलं नव्हतं, पण तो दिसला होता. दुसऱ्या कुणाचा नवरा तसा बसला असता तर मी धावत गेले असते. माझ्याच नवऱ्याच्या बाबतीत मी काय म्हटलं? लाजले. कारण त्या वेळी मला माझ्या अपमानाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. आणि नंतर त्याच माणसाला मी दहा दिवस एकशे शहाऐंशी पायऱ्या चढवल्या, वरून ओरडत. तुम्ही दोघांनी लपवलंत, ते खरं. पण बघायला मी तिथे होते.

तुझं पत्र वीस तारखेला आलं. मी ते खिडकीशी बसून वाचलं आणि त्यांना दाखवलं नाही. विचारलं त्यांनी, “काय लिहितेय?” मी म्हटलं, “माफी मागतेय.” खाट नंबर बाराचं मला कळलंय, हे त्यांना अजून माहीत नाही.

मला लागलं, ठकू. दुखणं लपवलं त्याचं इतकं नाही. पेशंट लपवतात, त्याची मला सवय आहे. पण चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याला छातीवर ओझं आल्यावर पहिल्यांदा वाटलं, हिला कळू नये. का, तर मग ही माझी बायको राहणार नाही.

पत्र मिटलं आणि उठले, तर दारामागे माझाच लावलेला तक्ता दिसला. तारीख, वेळ, नाडी, रक्तदाब, जेवण, शौचास. लाल आणि निळ्या पेनने. गोळ्या छोट्या वाट्यांत ओळीने मांडलेल्या, वॉर्डात मांडतात तशा. सकाळी मी खोलीत गेले की ते खाटेवर सावरून बसतात आणि सलामासाठी कपाळाशी हात नेऊन म्हणतात, “येस, मेट्रन.” आणि हसतात. मला आधी ती चेष्टा वाटायची. आता त्या हसण्याकडे मी बघत राहते.

काल तक्ता काढून टाकायला गेले. मग वाटलं, रक्तदाब कुठे लिहू? पुन्हा लावला. त्यांच्याजवळ जाऊन बसले. उशी सरळ केली. ते म्हणाले, “झाली की सरळ.” मी म्हटलं, “माहीत आहे.” आणि आणखी एकदा केली.

त्यांना विचारलं तर ते मला बरं वाटावं म्हणून काहीतरी गमतीचं बोलतील. शेजारणी माझं इंजेक्शन दुखत नाही एवढंच सांगतील. हाताखालच्या मुली तर तेव्हाही खरं बोलत नव्हत्या. राहिलीस तू. तू माझ्यावर सगळं ढकलत आलीस, म्हणजे मला नीट ओळखतेस.

तेव्हा मला लिहून कळव. मी खरंच अशी आहे का, की माझ्या माणसांनी मला दुखणं सांगायच्या आधी विचार करावा? आणि असेन तर कुठे, केव्हा, काय बोलते तेव्हा, ते लिही. प्रसंगासहित. गोड करून लिहू नकोस, अर्धे गुण कापीन. आलीस की तोंडाने सांगू असं म्हणू नकोस, तोंडावर मी वाद घालीन.

उत्तर बारा जूनच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे, म्हणजे तुला ते आठ तारखेला टाकावं लागेल. सोळाला सकाळी त्यांना आत नेण्याआधी अर्धा तास मला त्यांच्याजवळ बसू देणार आहेत. त्यांच्या शेजारी मी कोण म्हणून बसायचं, ते मला त्याआधी शिकून घ्यायचं आहे.

तुझी,
आई